विश्लेषण : ‘जी मेजर, ६७ बीपीएम, मूड उदास’... चेलोच्या ध्वनिमुद्रणावरची ही पाटी कितपत खरी?

मोबाइलवर एखादी रचना ऐकताना तिच्या नावाखाली तीन गोष्टी हल्ली सहज सापडतात : की, टेम्पो आणि मूड. म्हणजे रचना कोणत्या पट्टीत आहे, मिनिटाला किती ठोके पडतात आणि ती आनंदी आहे की उदास. मुंबईत एनसीपीएमध्ये वाद्यवृंद ऐकून घरी परतलेल्या रसिकाला आणि गोंदियाजवळच्या मुर्रीत भजन आटोपून मोबाइल हातात घेतलेल्या पेटीवाल्याला हीच पाटी दिसते. नाचाच्या गाण्यांसाठी ती बरीच उपयोगाची ठरते. मात्र एकट्या चेलोवर वाजवलेली अभिजात रचना समोर आली की तिच्या मर्यादा उघड्या पडतात. आपल्या रागसंगीताचे तर त्याहून अवघड होते. हे आकडे येतात कुठून आणि त्यांतले कोणते धरून चालावे, याचा हा आढावा.

उदाहरणासाठी कोणती रचना?

चेलोसाठीची जगातली बहुधा सर्वांत ओळखीची रचना म्हणजे योहान सेबास्टियन बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा ‘प्रिल्यूड’, म्हणजे आरंभीचा तुकडा. बाखने एकट्या चेलोसाठी असे सहा सुइट लिहिले, ते साधारण १७२० च्या आसपास. प्रत्येक सुइटमध्ये सुरुवातीचा प्रिल्यूड आणि त्यानंतर नृत्यप्रकारांवर आधारलेले पाच भाग आहेत. बाखच्या हातचे मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल हा आजचा मोठा आधार आहे.

हे सुइट बराच काळ सरावाचे धडे समजले जात. स्पेनच्या पाब्लो कासाल्सला १८९० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांची छापील प्रत मिळाली. पुढे १९३६ ते १९३९ या काळात त्याने सहाही सुइट ध्वनिमुद्रित केले. सहाही सुइटचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण. त्यातला पहिला सुइट १९३८ मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रित झाला. चिनी वंशाचा अमेरिकी चेलोवादक यो-यो मा याने तर हे सहा सुइट १९८३, १९९७ आणि २०१८ असे तीनदा प्रसिद्ध केले. तिसऱ्या खेपेनंतर जगभर ३६ ठिकाणी हे सुइट वाजवण्याचा उपक्रम त्याने हाती घेतला आणि त्यात जानेवारी २०१९ मध्ये मुंबईलाही तो आला. स्वरलेखन एकच, ध्वनिमुद्रणे कित्येक. त्यामुळे पाटी तपासायला ही रचना सोयीची आहे.

‘की’ म्हणजे आपली पट्टीच का?

निम्मे उत्तर ‘हो’ असे आहे. आपल्याकडे गायक ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी पाच’ सांगतो, तेव्हा तो पेटीवर स्वतःचा सा कुठे आहे ते सांगत असतो. ‘जी मेजर’मधला ‘जी’ तेच सांगतो : सा पांढरी पाचवर आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या झाडीपट्टी रंगभूमीवर धानाची कापणी झाल्यावर नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा ऑर्गनवाल्याला सर्वांत आधी नटाची हीच पट्टी विचारून घ्यावी लागते.

उरलेला अर्धा भाग ‘मेजर’ या शब्दात आहे. सा पासून वरचे कोणते स्वर घ्यायचे, हे त्यातून कळते. मेजर म्हणजे साधारण आपला बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. मायनरचे मूळ रूप आसावरी थाटाशी जुळते : गंधार, धैवत, निषाद कोमल. बाखच्या सहा सुइटपैकी चार मेजरमध्ये आहेत आणि दोन, दुसरा व पाचवा, मायनरमध्ये.

पहिल्या सुइटसाठी जी मेजर निवडण्यामागे वाद्याची सोयही दिसते. चेलोच्या चार तारा खालून वर सी, जी, डी, ए अशा मिळवलेल्या असतात. त्यातली मोकळी जी तार सेकंदाला सुमारे ९८ कंपने देते आणि मोकळी डी तार सुमारे १४७. हे प्रमाण दोनास तीन, म्हणजे सा आणि पंचम यांचे. प्रिल्यूडच्या पहिल्याच क्षणी या दोन मोकळ्या तारा छेडल्या जातात आणि त्यांची आस वरच्या स्वरांखाली रेंगाळत राहते. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ही रचना चटकन जवळची वाटते, त्याचे एक कारण हे असावे.

मग एकाच रचनेला दोन पट्ट्या कशा दिसतात?

रचनेच्या नावातच ‘जी मेजर’ लिहिलेले असते आणि खालची पाटी मात्र ‘एफ शार्प मेजर’ सांगते, असे होऊ शकते. यात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. आज बहुतेक ठिकाणी ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा मानतात. हा आकडा १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला आणि नंतर आंतरराष्ट्रीय मानक झाला. बाखच्या काळी असा एकच आकडा नव्हता, गावागणिक तो बदले. त्या काळच्या पद्धतीने आतड्याच्या तारा लावून वाजवणारे आजचे कलाकार सोयीसाठी ‘ए’ ४१५ धरतात. ४४० आणि ४१५ यांत जवळपास एका अर्ध्या स्वराचा फरक आहे. म्हणजे तेच स्वरलेखन, तीच बोटे, पण ऐकू येणारा सा पांढरी पाचवरून काळी तीनवर उतरलेला. संगणकाला फक्त कंपने कळतात. वादकाने कोणता ‘ए’ धरला आहे, हे त्याला ठाऊक नसते.

दुसरे कारण जुन्या तबकड्यांचे. तबकडी ज्या वेगाने कोरली त्याच वेगाने फिरली, तरच मूळ पट्टी ऐकू येते. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी सुमारे ८२.६ फेऱ्या झाल्या, की सगळे अर्ध्या स्वराने चढते आणि लयही सहा टक्क्यांनी वाढते. सुरुवातीच्या काळात तर सगळ्या कंपन्यांचा वेगही सारखा नसे. जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवरून डिजिटल प्रती करताना हीच अडचण येते. गायकाची पट्टी चढलेली दिसली, तर ती गळ्याची की यंत्राची, हे आधी तपासावे लागते.

संगणक सा ओळखतो तरी कसा?

ध्वनीचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यात बारा स्वरांपैकी कोणता किती जोरात आहे, हे तो मोजतो. सप्तक कोणतेही असले तरी ‘जी’ एकाच खान्यात जातो. मग बारा खान्यांतली ही बेरीज मेजर-मायनरच्या ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहिली जाते. हे नमुने श्रोत्यांवरच्या प्रयोगांतून घडले. कॅरल क्रमहान्सल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे काम त्यात महत्त्वाचे मानले जाते. जो नमुना सर्वांत जवळचा, ती ‘की’.

यात एक ठरलेली चूक होते. जी मेजर आणि ई मायनर यांचे स्वर तेच सात आहेत, फक्त सा वेगळा. आपल्याकडे मूर्च्छनेने तेच स्वर ठेवून सा बदलतो, तसेच हे. प्रिल्यूडमध्येही काही काळ ‘डी’ हाच सा वाटावा असे वळण येते. माणूस पुढचे-मागचे ऐकून घर कोणते ते ठरवतो. बेरीज करणाऱ्या यंत्राला मात्र क्रम फारसा कळत नाही.

रागसंगीतात हा पेच आणखी घट्ट होतो. मारवा रागात सा वर फार थांबत नाहीत, कोमल रिषभ आणि धैवत सतत पुढे असतात. जोरात वाजणाऱ्या स्वरांवरून सा शोधणाऱ्या यंत्राला मारवा हमखास चकवू शकतो. शिवाय कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम असलेला हा राग मेजरही नाही आणि मायनरही नाही. पाटीवर मात्र या दोनच जागा असतात.

टेम्पोचा आकडा कसा काढतात?

हे गणित घरीही करता येते. प्रिल्यूडमध्ये ४२ माप आहेत आणि प्रत्येक मापात चार ठोके, म्हणजे एकूण १६८. वादकाने तो अडीच मिनिटांत वाजवला, तर १६८ भागिले अडीच, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ ठोके. दोन मिनिटांत संपवला तर ८४. तीन मिनिटे घेतली तर ५६. बाखच्या या तुकड्यावर लयीची कोणतीही सूचना लिहिलेली नाही, त्यामुळे यांपैकी कोणताही वेग चूक म्हणता येत नाही. प्रत्येक ठोक्यात चार स्वर येतात, म्हणजे आपल्या भाषेत चौगुन. मिनिटाला ६७ ठोक्यांच्या वेगाने सेकंदाला साडेचार स्वर होतात. आकडा संथ वाटला तरी कानाला ही रचना धावती वाटते, ती यामुळे.

संगणक मात्र माप मोजत नाही. आवाज अचानक कुठे वाढतो, त्या जागा तो शोधतो आणि त्या किती अंतराने पुन्हा येतात ते पाहतो. तबला किंवा ढोलकी असेल तर थापा स्पष्ट असतात. खंजिरी भजनाची लय यंत्राला झटकन सापडावी. चेलोवर गज फिरतो तेव्हा स्वर हळुवार उगवतो आणि थाप अशी नसते. त्यामुळे ६७ चे १३४ होणे, म्हणजे दुप्पट मोजणे, ही नेहमीची चूक आहे. अनेक पद्धतींचा कल मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासच्या आकड्याकडे असतो, कारण नाचाची बरीच गाणी त्या टापूत असतात.

एकच आकडा पुरेसा असतो का?

नसतो. कासाल्ससारखा वादक एका सुरात घड्याळासारखा वाजवत नाही. ओळीच्या टोकाला तो किंचित थांबतो, चढणीवर पुढे सरकतो. ६७ ही फक्त सरासरी. सगळ्या रचनेत नेमके ६७ ठोके कदाचित एकाही मिनिटात पडत नसतील.

आपल्याकडे याहून टोकाची उदाहरणे आहेत. विलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालू शकते, म्हणजे मिनिटाला बाराच मात्रा. इतका छोटा आकडा अनेक पद्धतींच्या हिशेबातच बसत नाही. मग यंत्र मात्रेच्या आतले तबल्याचे बोल मोजून ४८ किंवा ९६ सांगते. आलापाला तर ठोकाच नसतो, तरी पाटीवरची जागा रिकामी राहत नाही. तिथे काहीतरी आकडा येतोच.

‘मूड’ कोण ठरवते?

पट्टी आणि लय निदान मोजण्याच्या गोष्टी आहेत. मूडचे तसे नाही. १९८० मध्ये जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने भावना मांडण्यासाठी दोन अक्षांचा नकाशा सुचवला. आडव्या अक्षावर सुखद की दुःखद, उभ्या अक्षावर उत्तेजित की शांत. संगीताच्या अ‍ॅपनी जवळपास तोच घेतला. अमेरिकेतल्या ‘द इको नेस्ट’ या कंपनीने लाखो गाण्यांना असे आकडे लावले. २०१४ मध्ये स्पॉटिफायने ती विकत घेतली. त्यांच्या पद्धतीत सुखद-दुःखदपणा ० ते १ या मापात आणि ‘एनर्जी’ही ० ते १ मध्येच. पट्टीला ० ते ११ असा क्रमांक, ‘जी’ म्हणजे ७. बाहेरच्या नव्या अ‍ॅपना हे आकडे देणे स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवले, तरी अशा पाट्या दाखवणारी संकेतस्थळे आहेतच.

‘एनर्जी’त आवाजाचा मोठेपणा, स्वरांची गर्दी अशा गोष्टी धरल्या जातात. एकटा चेलो, ढोल नाही, आवाज खालच्या पट्टीतला : हे सगळे मिळून ‘कमी एनर्जी’ आणि मग ‘उदास’ किंवा ‘शांत’ असा शिक्का बसण्याची शक्यता मोठी असते. प्रिल्यूड मात्र मेजरमध्ये आहे. त्याच्या शेवटच्या भागात डी म्हणजे पंचम घुमत ठेवून स्वर एकेका अर्ध्या पायरीने वर चढतात आणि मग भरघोस सा वर उतरतात. अनेक श्रोत्यांना यात उदासी नव्हे, तर मोकळे झाल्याची भावना जाणवते.

प्रसंगाने मूड बदलतो का?

या सुइटचा इतिहासच त्याचा पुरावा आहे. ११ नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत खुली झाल्यावर दोनच दिवसांनी, रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच तिथे पोहोचला आणि भिंतीशेजारी खुर्ची टाकून त्याने बाखचे हे सुइट वाजवले. त्यात आनंदही होता आणि भिंत ओलांडताना मारल्या गेलेल्यांची आठवणही. मार्च २०२१ मध्ये यो-यो मा अमेरिकेतल्या पिट्सफील्ड इथे करोना लशीची दुसरी मात्रा घेऊन थांबला होता. निरीक्षणाच्या त्या पंधरा मिनिटांत त्याने चेलो काढला आणि हाच जी मेजर प्रिल्यूड वाजवला. त्या सभागृहातल्या लोकांना तो दिलाशासारखा वाटला असणार. स्वर तेच राहिले, ऐकणाऱ्यांची अवस्था बदलली.

परक्या संगीताचा भाव ऐकून ओळखता येतो का, यावरही अभ्यास झाला आहे. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी १९९९ मध्ये हिंदुस्तानी रागांचे तुकडे पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. आनंद, दुःख आणि राग हे भाव त्यांना ओळखता आले, कारण लय आणि सुरावटीची गुंतागुंत त्यांना वाट दाखवत होती. शांत भाव मात्र त्यांना नीट ओळखता आला नाही. ज्या संस्कृतीत रस म्हणून ‘शांत’ वेगळा मोजला जातो, तिथल्या श्रोत्याला हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे.

भूप आणि देशकार एकच कसे ठरतात?

भूप आणि देशकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच आहेत : सा, रे, ग, प, ध. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधाराभोवती फिरणारा, भारदस्त. देशकार सकाळचा, धैवतावर जोर देणारा, वरच्या अंगाने खुलणारा. स्वरांची नुसती यादी केली तर दोन्हींची पाटी एकसारखी येऊ शकते. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रिकुटाचेही तेच. कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्या वाटेने जायचे, हे आपल्याकडे भावाचे मूळ आहे. पाटीवर नेमकी तीच गोष्ट नसते.

चेलो आपल्याकडे कुठे ऐकू येतो?

बऱ्याच मराठी श्रोत्यांनी चेलो नकळत ऐकला आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी तारवाद्यांचे ताफे उभे केले. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे स्वतः चेलोवादक होते. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीएने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला.

रागसंगीतातही चेलो आला. अमेरिकेच्या नॅन्सी लेश यांनी रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकून ते चेलोवर आणले. डागर यांचे गुरुकुल पनवेलजवळ पळस्पे इथे होते. नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याकडे तालीम घेतली आणि पाच मुख्य व दहा तरफेच्या तारांचा भारतीय चेलो घडवला. चेलोला पडदे नसल्याने मींड सलग घेता येते आणि मंद्र सप्तक भरदार लागते. असा ध्रुपदाचा आलाप अ‍ॅपसमोर ठेवला, तर पट्टीचा आकडा फार तर सा ची जागा सांगेल. मेजर-मायनर आणि ठोके या जागा तिथे अर्थहीन आहेत.

या चुकांचा फटका कोणाला बसतो?

पाटी केवळ माहितीपुरती असती, तर फार बिघडले नसते. पण असे आकडे ‘यानंतर काय ऐकवायचे’ हे ठरवण्यासाठी वापरले जातात. ‘शांत, कमी एनर्जी’ शिक्का बसलेले ध्वनिमुद्रण झोपेच्या किंवा अभ्यासाच्या यादीत जाते आणि ते कानामागे टाकून ऐकायचे संगीत होऊन बसते. भूप ऐकणाऱ्याला पुढचा भूप मिळण्याऐवजी त्याच स्वरांचे भलतेच काही मिळते. नव्याने ऐकू लागलेल्या श्रोत्याला दुसरा मार्गदर्शक नसेल, तर त्याची आवड या शिक्क्यांच्या रस्त्याने घडते. शहरात मैफली आणि जाणकार मंडळी असतात. लहान गावात मोबाइल हाच रेडिओ आणि हाच गुरू असतो, म्हणून तिथे हा प्रश्न अधिक मोठा आहे.

मग भरवसा किती ठेवावा?

पट्टी : साथ करायची असेल तर पाटीचा आकडा सुरुवातीला धरावा आणि लगेच पेटीवर सा दाबून ताडून पाहावा. रचनेच्या नावात लिहिलेली ‘की’ वेगळी दिसली, तर जुनी तबकडी किंवा ४१५ चा ‘ए’ हे कारण असू शकते. लय : आकडा अवास्तव वाटला तर त्याचा निम्मा आणि दुप्पट दोन्ही तपासावेत. आलापाच्या बाबतीत तो सोडून द्यावा. मूड : हा शिक्का यंत्राचा अंदाज समजावा.

प्रिल्यूडपुरते तर तपासणे सोपे आहे. दोन वेगवेगळ्या वादकांची ध्वनिमुद्रणे घ्यावीत, प्रत्येकाचा वेळ मिनिटांत लिहावा, १६८ ला त्याने भागावे आणि पेटीवर पांढरी पाच व काळी तीन दाबून सा पाहावा. पाच-सहा मिनिटांत दोन्ही आकडे हाती येतात. तिसऱ्यासाठी तो तुकडा पुन्हा एकदा, शेवटच्या सा पर्यंत, ऐकावा लागतो.